कोऱ्या पानावरची सही

साळूबाई गर्जे दोन वर्षं शाळेची अध्यक्ष होती. हे शाळेच्या कपाटाला माहीत होतं, कपाटातल्या वहीला माहीत होतं, पाथर्डीला बसणाऱ्या साहेबांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या साळूबाईला.

कळलं ते भाद्रपदात, भर दुपारी. अंगणात ताडपत्रीवर उडीद पसरून ती काठीनं बडवत होती. पदर कानामागं खोचलेला, नाकातोंडात भुसकट. तेवढ्यात यामिनी मॅडमची स्कूटी दारात थांबली. मॅडम भिंगारच्या, जूनमध्येच शाळेवर आलेल्या, अजून गावच्या धुळीला न सरावलेल्या.

"अध्यक्षबाई, घोटभर पाणी द्याल का?"

साळूबाईनं मागं वळून बघितलं. मागं शेळी होती.

"कुनाला म्हनता, मॅडम?"

"तुम्हालाच की. शनिवारी तपासणी समिती येतेय. पालक सहभागाच्या बक्षिसासाठी आपली शाळा शेवटच्या तिनात आहे."

"शेवटून तिसरी?"

"नाही हो! शेवटच्या फेरीत. निवडलेल्या तीन शाळांत. अध्यक्ष म्हणून तुमचा सत्कार आहे. शाल, नारळ, आणि दोन शब्द बोलायचेत. मार्तंड सरांनी लिहून दिलेत, निकिता पाठ करून घेईल तुमच्याकडून."

निकिता, साळूबाईची सातवीतली पोर, घरातून धावत आली. तिनं चिठ्ठी घेतली आणि खड्या आवाजात वाचली, "आमच्या शाळेत सर्व निर्णय पालकांच्या विचाराने होतात. मुख्याध्यापकांचे आम्हाला सदैव मार्गदर्शन लाभते."

"आनि अध्यक्ष म्हंजी काय करतो?" साळूबाईनं विचारलं.

"शाळेच्या समितीचा प्रमुख. तो पालकांतलाच लागतो. शाळेचे सगळे ठराव तुमच्या सहीनं होतात ना!" मॅडम हसून म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं की बाई चेष्टा करतायत.

"माझ्या सहीनं," साळूबाई म्हणाली आणि काठी खाली ठेवली.

या सहीचं आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचा राग समजायचा नाही. साळूबाई पहिलीत असताना बापानं तिला ऊसतोडीला नेली. त्या सालापासून शाळा सुटली ती सुटलीच. लग्न झालं, नवरा कानिफनाथ, दोघं मिळून एक कोयता. ऊसतोडीच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक. साळूबाई म्हणजे अर्धा कोयता. अंगठ्यावर आयुष्य चाललेलं. मग निकिता पहिलीत गेली आणि एका संध्याकाळी पाटी घेऊन आईच्या पुढ्यात बसली. म्हणाली, "आई, आज आमाला बाईंनी सा शिकवला. तुझ्या नावाचा सा." सहा वर्षांच्या पोरीनं एकोणतीस वर्षांच्या आईचा हात धरून गिरवून घेतलं. सा, ळू, बा, ई. महिनाभर चुलीच्या राखेत, कोयत्याच्या टोकानं मातीत, बाजरीच्या पिठात साळूबाई तेच चार गिरवत राहिली. त्या दिवसापासून तिनं कुठंही अंगठा दिला नाही. रेशनच्या दुकानात दुकानदार शाई पुढं करायचा, तर ही म्हणायची, "पेन दे. मला येती." इतर वाचन नाही, पण स्वतःचं नाव लांबूनसुद्धा ओळखू येई. गावातला प्रत्येक कागद तिच्या सहीसाठी थांबतो असं तिला मनातून वाटायचं, आणि ते वाटणं तिला आवडायचं.

त्याच आवडीवर मार्तंड गुरुजींनी बरोबर बोट ठेवलं होतं.

गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर, गाड्या निघायच्या चार दिवस आधी, गुरुजींनी तिला शाळेच्या पायरीवर बोलावलं. पायरीवरच, आत नाही. या शाळेत पालक पायरीपर्यंत. मोठी वही पुढं ठेवली. "साळूबाई, तुम्ही सहा महिने जाणार. शाळेचं काम अडायला नको. सहा पानांवर सह्या करून ठेवा." पानं कोरी होती. साळूबाईला त्यात वावगं वाटलं नाही. ऊसतोडीत सगळं आधीच होतं: उचल आधी, घाम नंतर. मुकादमाची उचल घेतात तशी गुरुजींनी सह्यांची उचल मागितली, एवढंच तिच्या डोक्यात आलं. वर गुरुजी म्हणाले, "बाकीच्या बाया अंगठा देतात. तुमची सही बघा कशी टपोरी." मग काय, तिनं सहाही पानांवर अशी ठसठशीत सही केली की मागच्या पानावर उमटावी.

त्याच साली तिनं गुरुजींना विचारलं होतं, की पोरीला मागं ठेवायची सोय होईल का. हंगामी वसतिगृह म्हणतात त्याला. नाव वसतिगृह, पण इमारत-बिमारत काही नाही. आईबाप तोडीला गेले की पोरं रात्री आजी-आजोबांकडं झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत शिजतं. साळूबाईची सासू बायडाबाई घरी होती, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. चुलीतला जाळ दिसायचा, तव्यावरची भाकरी दिसत नव्हती. पोरीला दोन वेळचं शिजवलेलं मिळालं असतं तर पोर राहिली असती. डिसेंबर निम्मा सरला तेव्हा गुरुजींनी फोनवर सांगितलं, "यंदा वरून मंजुरी नाही आली." तोवर निकिता फडात होतीच. सहावीतली पोर पाच महिने उसाच्या पाल्यानं चिरलेल्या हातांनी मोळ्या बांधत होती, आणि परत आली तेव्हा तिला अपूर्णांकाची बेरीज आठवत नव्हती.

यंदा गोष्ट त्याहून पुढं गेली होती. पोर तेरा वर्षांची. कोपीला ना दार ना कडी; उसाच्या पाचटाची झोपडी, तिच्यात मोठी झालेली पोर ठेवायची म्हणजे आईच्या जिवाला घोर. भिमाजी मुकादमानं कानिफनाथाच्या कानात घातलंच होतं, "यंदा पोरीला घेऊन चल. फडावर एक पोरगं हाय, दोन कोयत्यांचं घर हाय. एकदाचं उरकून टाक." कानिफनाथ वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. तो होही म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. साळूबाईला पक्कं ठाऊक होतं: निकिता गाडीत बसली, की ती परत शाळेत येणार नाही. यंदा वसतिगृह झालं पाहिजे. नाहीतर संपलं.

शुक्रवारी गुरुजींनी बायांना श्रमदानाला बोलावलं. श्रमदान म्हणजे शाळेचं पटांगण झाडायचं, सडा घालायचा आणि खराटा हातात धरून फोटो काढून घ्यायचे. अध्यक्षबाई खराटा घेऊन हजर. गुरुजी खुर्च्या आणायला पाथर्डीला गेलेले. आत यामिनी मॅडम फाइलींवर शिक्के मारत होत्या आणि निकिता डिंकानं फोटो चिकटवत होती. मॅडमनी हाक मारली, "अहो, आत या ना. अध्यक्षांनी काय बाहेर उभं राहायचं!"

साळूबाई त्या खोलीत पहिल्यांदा शिरली. समोर भिंतीवर हिरवा फळा होता, त्यावर पांढऱ्या रंगात रंगवलेली नावं. सगळ्यात वर तिचं. चार अक्षरं, तिचीच. तिच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर आधी अभिमानाचाच काटा होता तो.

"ह्याच्या खाली कोन?"

निकितानं वाचलं. "सचिव, मार्तंड सर. मंग सदस्य... आनि इथं, भिमाजी मुकादम. शिक्षणप्रेमी."

"काय?"

"शिक्षणप्रेमी."

साळूबाई एवढी मोठ्यानं हसली की बाहेरच्या बायांनी खराटे थांबवले. ज्यानं गावातली साठ पोरं शाळेतून उचलून फडात नेली, तो शिक्षणप्रेमी! पण हसू ओठांवर असतानाच निकितानं टेबलावरची मोठी वही चाळायला घेतली होती, आणि आईची टपोरी सही दिसली म्हणून ती कौतुकानं वर वाचायला लागली.

"दिनांक सात डिसेंबर. सभेस सर्व सदस्य उपस्थित. अध्यक्षांनी विषय मांडला की, पालकांशी चर्चा केली असता यंदा हंगामी वसतिगृहाची मागणी नाही... पालक आपली मुले स्वेच्छेने सोबत नेत आहेत... सबब प्रस्ताव पाठवू नये. ठराव सर्वानुमते मंजूर."

खाली सा, ळू, बा, ई.

पोरगी वाचायची थांबली. वही तशीच धरून तिनं आईकडं बघितलं.

"आई, मला ठेवू नका, असं तू सांगितलं व्हय?"

साळूबाईला कोयत्यानं दोनदा पायावर लागलेलं आहे. एकदा गाडीवरून मोळी डोक्यात पडलेली आहे. पण असा घाव तिला कधी बसला नव्हता. तिनं पोरीच्या हातातून वही घेतली, त्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही तू शिकीवली मला. आनि ह्यांनी तुलाच मारायला वापरली."

यामिनी मॅडमचा शिक्का हवेतच राहिला होता.

गुरुजी आले ते खुर्च्यांचा टेम्पो घेऊन, घाम पुसत. साळूबाई पायरीवर उभी होती, आतल्या बाजूनं.

"गुरुजी, सात डिसेंबरला मी कुटं हुते?"

गुरुजींनी एका नजरेत सगळं ओळखलं. वीस वर्षांची नोकरी होती, कच्चे नव्हते. "साळूबाई, तुम्हाला म्हणून सांगतो. तुम्ही इथं नसता आणि वरून कागद मागतात. प्रत्येक महिन्याची सभा दाखवावी लागते. सगळीकडं असंच चालतं. त्यात भिमाजी म्हणाले, पालक पोरं नेतातच, कशाला भानगड. स्वयंपाकाला बाई बघा, सकाळी सातला या, संध्याकाळी सातपर्यंत थांबा... मी रोज नगरवरून येतो हो."

"म्हंजी तुमच्या येन्याजान्यासाठी माजी पोर फडात?"

"तसं नाही. पालकांचंच सहकार्य नसतं. आता बघा, गेल्या जानेवारीत पालक सभा घेतली, तर आले किती? चार म्हातारे!"

हे ऐकून घ्या. गाव दिवाळीनंतर रिकामं होतं आणि गुढीपाडव्याला भरतं, हे इथल्या शेळीलाही कळतं. आणि ही शाळा पालक सभा ठेवते जानेवारीत. मग रजिस्टरला लाल शाईनं लिहिते: पालक उदासीन. वर्षानुवर्षं हेच. ज्या माणसाचं तोंड उसाच्या पाल्यात आहे, त्याला पटांगणातून हाक मारायची आणि ओ आली नाही म्हणून त्यालाच बहिरा ठरवायचा. आणि या शहाणपणाला आता बक्षीस मिळणार होतं, पालक सहभागाचं!

"उद्याचा कार्यक्रम होऊ द्या," गुरुजी आवाज खाली आणून म्हणाले. "बक्षीस गावाचं आहे. मग बसू, बघू काय करता येईल ते."

"आमाला बसायला कुटं टाइम हाय, गुरुजी? दिवाळीनंतर आमी उभंच असतो. वाकून."

घरी कानिफनाथानं हात जोडले. "साळे, उद्या गप ऱ्हा. भिमाजीशी वाकडं गेलं तर यंदा गाडीत जागा द्यायचा न्हाई."

"अवो, तुमच्या लेकीला त्यानं जागा दिलीय. तीच मला नको हाय."

बायडाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "कानिफ, तिला बोलू दे. माजी पोरगी तेरा वर्साची असताना दिली हुती म्या. तवा मला कुनी इचारलं न्हाई, आनि म्याबी कुनाला इचारलं न्हाई." एवढं बोलून म्हातारी पुन्हा शेंगा फोडायला लागली. ती लेक पहिल्या बाळंतपणातच गेलेली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी सकाळी पटांगणात मांडव. फलकावर लिहिलेलं: शाळा आणि समाज, एक कुटुंब. समितीची तीन माणसं आली, त्यांत मोठ्या बाई अधिकारी, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्या ओळीत भिमाजी, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात सोनं. सत्कार झाला. साळूबाईच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. गुरुजींनी माइक पुढं केला आणि हळूच म्हणाले, "दोनच वाक्यं."

साळूबाईनं चिठ्ठी काढली. सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"हे गुरुजींनी लिव्हून दिलंय. मला वाचता येत न्हाई. मला फक्त माजं नाव लिवता येतं. पन ह्या शाळेला तेवढंच पायजे हुतं."

तिनं चिठ्ठी घडी करून गुरुजींच्या हातात दिली.

"बाईसाहेब, तुमच्या म्होरल्या टेबलावर वही हाय. सात डिसेंबरचं पान काडा. तितं लिव्हलंय, मी इतं सभेला हुते. त्या दिशी चंपाषष्ठी हुती. आमी कर्नाटकाच्या शिवंवर फडात हुतो. शेजारच्या मळ्यातून वांगी मागून आनली, भरीत केलं, देवाला निवद दाखीवला. भिमाजीभाऊंनीबी भाकरी खाल्ली माज्या हातची. इचारा त्यांना. त्येबी वहीत हजर हायेत!"

सगळ्या माना भिमाजीकडं वळल्या. मुकादम उठला. "बाई, कार्यक्रमात इषय वाढवू नको. तू काय पोरीला शिकवून कलेक्टर करनार हाय?"

"तुमी बसा, शिक्षनप्रेमी."

हसण्याचा असा लोट उठला की मांडव हलला. पोरं बाकांवर आपटून हसली. त्या दिवसापासून भिमाजीचं गावात तेच नाव पडलं.

साळूबाई मात्र हसली नाही. तिचा आवाज आता रागानं चढला होता. "आमाला म्हनता पालकांना आस्था न्हाई. आमची आस्था तुमी सहा पानांवर आधीच घेऊन ठिवली, गुरुजी. मागून तिच्यावर काय वाट्टेल ते लिव्हलं. माज्या पोरीनं मला सही शिकीवली. त्या सहीनं माजी पोर फडात गेली. ह्या असल्या अध्यक्षाचा सत्कार?" तिनं शाल काढून घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. नारळ ठेवला नाही. नारळ काखेत धरला.

गुरुजी पुढं आले. "मॅडम, हा शाळेचा अंतर्गत विषय आहे, आपण—"

चष्म्याच्या बाईंनी पान उघडलेलं होतं. त्यांनी वर न बघता विचारलं, "मुख्याध्यापक, या सभेची नोटीस यांना कशी दिली होती?"

गुरुजी खिशातला रुमाल शोधू लागले.

"मी सांगते," साळूबाई म्हणाली. "दिलीच न्हाई. आता माजं ऐका. मी अध्यक्ष हाय का न्हाई? भितीवर नाव हाय. तर मंग सभा आत्ता घ्या. समदे आईबाप इतंच हायेत, अजून कुनी गेलं न्हाई. कोरं पान काडा. पन आज आधी लिवायचं, मंग सही."

"सात दिवस आधी नोटीस लागते," गुरुजींच्या तोंडून निघालं.

"फडात पाठीवली हुती का सात दिस आधी?"

मागून एक बाई उठली. मग दुसरी. मग बाप्ये. कुणी ओरडलं नाही. नुसते उभे राहिले. ऊसतोडीची माणसं उभी राहिली की रांगच दिसते. कानिफनाथ सगळ्यात शेवटी उठला, पण उठला.

चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "तातडीची सभा घेता येते. घ्या."

गुरुजी जागचे हलेनात. वही यामिनी मॅडमनी ओढून घेतली. त्यांनी कोरं पान उघडलं. साळूबाई बोलत गेली, त्या लिहीत गेल्या. गावातून किती घरं तोडीला जातात, किती पोरं मागं राहू शकतात, कुणाची आजी आहे, कुणाची नाही. स्वयंपाकाला बायडाबाईची शेजारीण तयार आहे. पालक सभा दसऱ्याच्या आत आणि पाडव्यानंतर, मधे नाही. मधल्या सभा दुपारी फोनवर, फडात जेवायची सुट्टी असते तेव्हा. कोऱ्या पानावर कुणाची सही घ्यायची नाही. आणि पालकांनी पायरीवर उभं राहायचं नाही, आत यायचं.

"हे शेवटचं ठरावात कसं लिहू?" मॅडमनी विचारलं.

"जसं म्हनले तसं."

लिहून झालं. साळूबाईनं निकिताला पुढं बोलावलं. "वाच. मोठ्यानं. एक शबूद सोडू नको." पोरीनं वाचलं. आईनं प्रत्येक ओळीला मान हलवली, आणि मग खाली चार अक्षरं काढली. इतका वेळ लावला की माइकवाला कंटाळला.

बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. गावातल्या अर्ध्या लोकांनी साळूबाईला शिव्या घातल्या. हापशावर बाया म्हणाल्या, "अध्यक्षीणबाईंनी गावाचं नाक कापलं." तिनं उत्तर दिलं, "नाक गावाचं हुतं, पोर माजी हुती." गुरुजींवर काही मोठं झालं नाही, एक नोटीस आली, त्यांनी खुलासा लिहिला, तो कुठल्या तरी फाइलीत गेला. अशा माणसांवर कधी काही होत नाही. पण प्रस्ताव गेला. आणि मंजुरीचा पत्ता नव्हता तेव्हा साळूबाई तीनदा पाथर्डीला एसटीनं जाऊन ऑफिसच्या जिन्यात बसली. तिसऱ्या वेळी कारकून म्हणाला, "मावशी, उठा, जाण्यायेण्याची वाट आहे." ती म्हणाली, "मलाबी पोरीसाठी वाटच पायजे."

दिवाळीच्या आधी मंजुरी आली. भाऊबीज झाली. ट्रॅक्टर वेशीत लागला, मागं दोन ट्रॉल्या. पत्रा, भांडी, कोंबड्या, सगळं चढलं. भिमाजी हॉर्न वाजवत होता. कानिफनाथ वर बसलेला. साळूबाई खालीच.

"चला अध्यक्ष! तुमच्यावाचून गाडी अडली," भिमाजी ओरडला.

"अडू दे. गेल्या साली माजी पोर अडली हुती."

ती शाळेच्या मागच्या खोलीत जाऊन आली. चूल पेटलेली होती. परातीत पीठ होतं. निकिता आणि एकोणीस पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती. साळूबाईनं पहिली भाकरी तव्यावरून उतरताना बघितली, तोडून एक घास तोंडात टाकला, मिठाचं बघितलं. "जाड थापतीस गं," स्वयंपाकीणबाईला म्हणाली. निकिताच्या डोक्यावरून हात फिरवला. सत्कारात काखेत धरलेला तो नारळ तिनं जपून ठेवला होता. तो चुलीसमोरच्या दगडावर फोडला. मग ट्रॉलीत चढली. गाव नजरेआड होईपर्यंत ती रडली नाही. नंतरचं कुणी बघितलं नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी फडात फोन वाजला. साळूबाईनं पाल्यानं चिरलेले हात लुगड्याला पुसले, मोळीवर बसली, फोन मोठ्या आवाजावर लावला. भोवती आठ-दहा बाया भाकरी घेऊन जमल्या. पलीकडून मार्तंड गुरुजींचा आवाज आला, थोडा आंबट, थोडा सवयीचा झालेला.

"अध्यक्षबाई, सभा सुरू करू का?"

"करा. आधी पोरांचा आवाज ऐकू द्या."

निकितानं एक परिच्छेद वाचला. मग अपूर्णांकाची बेरीज तोंडी सांगितली. साळूबाईला ती बरोबर का चूक ते कळलं नाही. तिनं मॅडमना विचारून खात्री केली. मग विषय झाले. तेल संपत आलंय, दोन पोरांना खोकला आहे, एकाच्या आजीनं त्याला परत घरी ठेवून घेतलंय. त्या पोराच्या आईला साळूबाईनं तिथल्या तिथं हाक मारून फोन दिला आणि आजीचं काय ते मिटवलं.

"बरं, तीन ठराव झाले," गुरुजी शेवटी म्हणाले. "आता सहीचं कसं करायचं? नियमानं सही लागते. तुमची जुनी एखादी—"

"गुरुजी!"

तिकडं गुरुजी खोकले.

"तुमी लिवा. समदं लिवा. निकिता मला वाचून दाखवील. सही मी पाडव्याला येऊन करीन. तवर तेवढी जागा कोरी ऱ्हाऊ द्या."

"नियमात बसत नाही ते."

"बसवा."

तिनं फोन बंद केला, पदरात बांधला. पलीकडून भिमाजी मुकादम बांधावर उभा राहून ओरडला, "झाली का सभा, अध्यक्ष? गाडी भरायचीय!"

साळूबाईनं कोयता उचलला.

"झाली, शिक्षनप्रेमी. वहीत लिव्हलंय, तुमी गैरहजर."